नवीन काहीतरी टाक

सर्व्हरच्या यादीत चार नावं होती आणि त्यातलं एकच हिरवं दिसायचं. ते मालकाचं.

मालक हे टोपणनाव. एरवी मालकी म्हणावी असं त्याच्याकडे फारसं काही नव्हतं. घर भाड्याचं, नोकरी दुसऱ्याच्या लॅबमध्ये कवळ्या बनवण्याची. पण स्वयंपाकघराच्या माळ्यावर त्याने एक जुना कॉम्प्युटर चढवून ठेवला होता, तोच सर्व्हर. तो दिवसरात्र घरघरत असायचा, आणि त्याच्या पोटात एक बेट होतं. बेटावर लाकूड तोडायचं, दगड फोडायचे, घरं बांधायची, गाव वसवायचं, असा तो खेळ. चौघं मिळून खेळायचे. बेट ज्याच्या माळ्यावर तो मालक, असं भोपळ्याने ठरवलं आणि ते नाव चिकटलं.

भोपळा म्हणजे फ्रिज आणि एसी दुरुस्त करणारा त्याचा शाळेपासूनचा मित्र. अंगाने काडी. पण खेळात पहिल्याच दिवशी त्याने भोपळ्याचं शेत लावलं आणि पुढे कितीतरी रविवार गावाला दुसरं काही खाऊ घातलं नाही. वकील हा खराखुरा वकील नव्हता, एका वकिलाकडे कारकून होता. पण "माझा आक्षेप आहे" म्हटल्याशिवाय त्याला साधं दारसुद्धा उघडता यायचं नाही. चौथी कासव. ही वकिलाची मावसबहीण, वजनकाट्यावर कामाला. दिवसभर भरलेल्या ट्रकचं वजन घ्यायचं, मग त्याच रिकाम्या ट्रकचं घ्यायचं, आणि दोन्हीतला फरक लिहायचा. तिचा लॅपटॉप एवढा जुना की बाकीचे तिघं गावात पोचून, कोंबड्यांना दाणे घालून, एकदा भांडून मोकळे व्हायचे तेव्हा कुठे तिला समुद्र दिसायला लागायचा. हेडफोनमध्ये तिचा आवाज यायचा, "थांबा रे, आले आले." आणि तिघं थांबायचे. बँकेच्या रांगेत एकमेकांची कोपरं बाजूला सारणारी ही माणसं. पण रविवारी दुपारी जेवण झालं की एका लॅपटॉपसाठी गुमान थांबायची.

कोणी बेटावर आलं किंवा गेलं की मालकाच्या फोनवर सूचना वाजायची. ही सोय त्याने हौसेने करून घेतली होती. पुढे पुढे फोन वाजायचा तो त्याच्या स्वतःच्याच येण्याजाण्याचा.

माणसं एकदम गेली नाहीत. माणसं एकदम जातात ते भांडून, आणि त्यात निदान हिशेब तरी चुकता होतो. ही गळत गेली. भोपळ्याने स्वतःचं दुकान टाकलं, मग रविवार हा गिऱ्हाइकांच्या फ्रिजचा झाला. कासवच्या आईचे गुडघे गेले. वकिलाला मुलगी झाली. मुलगी ही सबब म्हणून फारच भारी पडते, तिच्यापुढे कोणी आक्षेप घेऊ शकत नाही. पण वकिलाला एक सबब पुरत नसे, सवयच तशी. एका रविवारी मालकाने फोन करून विचारलं, "आज येतोस का?" तेव्हा तो म्हणाला, "येतो रे, पण तेच ते झालंय ना आता. तेच झाड, तेच दगड. नवीन काहीतरी टाक, मग बघ कसे सगळे धावत येतात."

बोलून वकील विसरला. मालक मात्र कामाला लागला.

यात त्याचा दोष म्हणावा तर तो धंद्याचा होता. कवळीचं काम करणाऱ्याकडे तक्रार येते ती खरी असते. "डावीकडे टोचतंय" असा निरोप डॉक्टरकडून आला की कवळी डावीकडे घासायची, पॉलिश करायची, परत पाठवायची. टोचायचं थांबतं. वर्षानुवर्षं हे केलेल्या माणसाला, कोणी उगाच म्हणून "टोचतंय" म्हणेल ही कल्पनाच नसते. सबब आणि तक्रार दिसायला सारखीच. फरक एवढाच की तक्रार दूर केली की माणूस खूश होतो, आणि सबब दूर केली की त्याला दुसरी शोधावी लागते.

मॉड म्हणजे खेळाला बाहेरून जोडायचे भाग. जगात कुठे कुठे बसलेली हौशी मंडळी ते बनवतात आणि फुकट वाटतात. मूळ खेळात समुद्र होता पण त्याला भरती-ओहोटी नव्हती. मॉड टाकला की समुद्र मागे सरायला लागला, खाली शिंपले दिसायला लागले. अट एकच. सर्व्हरवर जे मॉड असतील तेच, आणि अगदी त्याच आवृत्तीचे, येणाऱ्या प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर असायला हवेत. एक जरी कमी पडला तरी दार उघडत नाही. पडद्यावर लाल अक्षरं येतात आणि माणूस बाहेर.

भरतीचा मॉड टाकल्यावर मालकाने फोनवरच्या चौघांच्या गटावर फाईल पाठवली. "सगळ्यांनी ही टाका. पाच मिनिटांचं काम आहे." भोपळ्याने वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवलं. वकिलाने अंगठा दाखवला. कासवने लिहिलं, "टाकली. समुद्र कुठे गेला?" त्या रविवारी तिघं आले होते, आणि वकिलाने भरतीवर आक्षेपही घेतला होता. मालकाच्या दृष्टीने औषध लागू पडलं होतं. त्याने डोस वाढवला.

मग ऋतू आले. मग जहाजं. मग रंगीत काचेचे दिवे, धुकं, घुबडं, दगडी पुलांचे पाच-सहा प्रकार. पुढचे दोन मॉड टाकायला भोपळ्याने कंटाळा केला, "दुकानातून आलो की टाकतो." वकिलाने एक चुकीच्या फोल्डरमध्ये टाकला आणि वर मालकालाच झापलं, "हे आम्ही खेळायचं की नोकरी करायची?" कासवचा लॅपटॉप तिसऱ्या मॉडला धापा टाकायला लागला. तरी अंगठे येत राहिले. अंगठ्याइतकं स्वस्त काही नाही. त्यात होकार आहे असं देणाऱ्यालाही वाटत नाही, घेणाऱ्याला मात्र वाटतं.

असा हा उलटा व्यवहार चालला होता. पाहुणे यावेत म्हणून मालक घर सजवत होता, आणि प्रत्येक सजावटीगणिक दाराला एक नवं कुलूप लागत होतं. हे त्याला कोणी सांगितलं नाही, कारण सांगायला कोणी आत नव्हतं.

खरं तर त्याला आता मॉड बसवण्यातच रस वाटू लागला होता. एक मॉड दुसऱ्याशी जुळायचा नाही. धुक्याचं आणि ऋतूंचं पटायचं नाही, सर्व्हर उठतानाच कोसळायचा. मग निम्मे मॉड काढून बघायचं, उठला तर दोष उरलेल्या निम्म्यात. त्यातले पुन्हा निम्मे. असं करत करत गुन्हेगारापर्यंत पोचायचं. रविवारची दुपार त्यात सहज खपायची. संध्याकाळी सर्व्हर धडधाकट उभा राहिला की मालक खुर्चीत मागे रेलून म्हणायचा, "जमलं." खोलीत खुर्ची, टेबल, इस्त्रीला न्यायचे कपडे आणि खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत. कोणालाही ते जमलेलं दाखवता यायचं नाही.

त्यातच त्याला माणसांचा मॉड सापडला.

मॉड साधा होता. बेटावर चालती-फिरती माणसं सोडायची. प्रत्येकाला नाव द्यायचं, कपड्यांचा रंग द्यायचा, एक घर नेमून द्यायचं, आणि जवळून कोणी गेलं की डोक्यावर उमटायची वाक्यं लिहून द्यायची. मालकाने आधी एक निनावी कोळी बनवला. मग गंमत म्हणून एक काडीसारखा माणूस बनवला, त्याचं नाव ठेवलं भोपळा, आणि वाक्य दिलं, "गॅस संपलाय, वर्षाची गॅरंटी, पुढच्या वर्षी बघू." ते वाचून तो स्वतःच मोठ्याने हसला. हे पोरांना दाखवायचं, असं त्याने ठरवलं. मग एकटा भोपळा बरा दिसेना म्हणून वकील बनवला. तो दारात उभा राहून म्हणायचा, "माझा आक्षेप आहे." मग कासव. तिची चाल त्याने सगळ्यात हळू ठेवली. वाक्य लिहायला बसला तेव्हा त्याला एकच आठवलं. "थांबा रे, आले आले."

त्यांच्यासाठी काढलेल्या नव्या गल्लीत तीन घरं बांधून झाली. नव्या मॉडच्या गुळगुळीत विटा, रंगीत काचा. दारासमोर नावांच्या लाकडी पाट्या रोवल्या, त्या मात्र मूळ खेळातल्याच, कारण मॉडमधल्या पाट्यांवर मराठी अक्षरं नीट उमटत नव्हती. तलावाकाठी कासवने स्वतः बांधलेलं एक घर होतं, वाकड्या धुराड्याचं, ते त्याने तसंच ठेवलं. ते खऱ्या कासवचं. हे गल्लीतलं या कासवचं. दोघींचे व्यवहार त्याने वेगळे ठेवले होते.

मंडळी बघायला आलीच नाहीत, आणि गंमत हळूहळू गंमत राहिली नाही. रविवारी दुपारी मालक गल्लीतून चक्कर मारायचा. जवळ गेलं की ती बनवलेली माणसं बोलायची, लांब गेलं की गप्प. एकाच बाबतीत ती खऱ्यांपेक्षा बरी होती: अंगठा दाखवत नसत.

एकदा तो असाच हसत असताना ताईचा फोन आला. ताई मोठी बहीण, दुसऱ्या गावी, आणि फोनवर श्वास कुठे घेतला हेसुद्धा ओळखणारी.

"काय रे, हसतोयस कशाला?"

"काही नाही गं. भोपळा काहीतरी बोलला."

"भोपळा आलाय? देवासारखा आला! दे त्याच्याकडे फोन. माझा फ्रिज खालून पाणी सोडतोय, तीनदा पुसलं."

मालकाने पडद्याकडे पाहिलं. भोपळा भिंतीला तोंड लावून चालण्याचा प्रयत्न करत होता.

"तो... गेला आत्ताच."

"आत्ता बोलला आणि आत्ता गेला? जिन्यात असेल, हाक मार की."

"घाईत होता."

"बरं," ताई म्हणाली. तिचं बरं हे नेहमीच महाग असायचं. "जेवलास का?"

"जेवलो."

"एकटाच?"

"ताई, फ्रिजच्या मागे एक नळी असते, ती तुंबली असेल. काडी घालून बघ."

"तुला बरं माहीत," ताई म्हणाली आणि विषय तिने सोडला. सोडला म्हणजे बाजूला ठेवला.

यानंतर काही आठवड्यांनी, लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत, फोनवर कासवचा निरोप आला. गटावर नाही, थेट त्याला. "मालक, रविवारी येऊ का बेटावर? माझं घर आहे ना अजून?"

मालकाच्या हातात मेणाचा जबडा होता. तो त्याने जपून ओट्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी लिहिलं, "आहे. ये."

"आईला दादा घेऊन गेला कायमची," तिने पुढे लिहिलं. "घर एकदम मोठं झालंय. आणि पुढल्या महिन्यापासून माझी रविवारची पाळी. म्हटलं, त्याआधी एकदा."

मालकाने तेवढंच वाचलं जेवढं त्याला हवं होतं: कासव येतेय. उरलेलं त्याच्या लक्षात आलं ते रविवारी.

आठवडाभर त्याने बेट घासूनपुसून लखलखीत केलं. बंदरावर दिवे वाढवले. आणि शनिवारी तिला सगळ्या मॉडची एक फाईल पाठवली. ती फाईल उतरवून घ्यायलाच तिचा शनिवार गेला.

रविवारी जेवणं झाल्यावर तिने फोन केला. हेडफोनमध्ये आवाज तोच, पण जरा बसलेला, फार कोणाशी न बोलणाऱ्या माणसाचा असतो तसा.

"लाल आलंय मालक."

"काय लिहिलंय?"

"लिहिलंय की तुमच्याकडे दिव्यांचा मॉड जुना आहे. जुना कसा? कालच तर पाठवलास."

"अरे हो. काल संध्याकाळी मी नवा टाकला. थांब, पाठवतो."

तिने तो टाकला. मग घुबडांचा नव्हता. मग सगळे बसले आणि लॅपटॉपच बसला. पंख्याचा आवाज फोनमधून ऐकू येत होता, वजनकाट्यावर ट्रक चढत असावा तसा.

"काही दिसतंय का?"

"पट्टी दिसतेय. भरतेय हळूहळू." थोड्या वेळाने, "थांबली." मग, "गेलं रे. काळं झालं सगळं."

"परत चालू कर."

तिने केला. परत काळं झालं. मालक तिला एकेक उपाय सांगत होता. हे बंद कर, ते कमी कर, खिडकी लहान कर. आणि ती एकेक करत होती, न कुरकुरता, आणि ते न कुरकुरणंच त्याला आता टोचायला लागलं होतं. मग ती हसून म्हणाली, "राहू दे मालक. माझ्या या डबड्याला झेपणार नाही. तू घराचा फोटो पाठव, मी बघते. येईन कधीतरी."

कधीतरी. हा शब्द मालकाला पाठ होता. भोपळ्याने वापरून झाला होता, वकिलाने वापरून झाला होता. या शब्दानंतर माणूस परत आल्याची एकही नोंद त्याच्याकडे नव्हती. आत्ता फोन ठेवला की पुढल्या महिन्यापासून हिचा रविवार गेला, आणि चारातलं तिसरं नाव कायमचं विझलं.

"फोन ठेवू नकोस," तो म्हणाला. "मी मॉड काढतो."

"कुठले?"

"सगळेच."

"अरे पण तुझं ते बंदर, दिवे? गटावर फोटो टाकलेले तू."

"तू बघितलेस?"

"बघितले की. लिहायचं राहिलं."

मॉड काढणं सोपं असतं. फोल्डर रिकामं करायचं. पण मॉडने दिलेली वस्तू मॉडबरोबर जाते. त्या विटांची भिंत असेल तर भिंत जाते, त्या लाकडाचा धक्का असेल तर धक्का जातो, आणि जागी खड्डा उरतो. माणसं तर पूर्णच जातात. मॉड परत टाकला तरी जुनी परत येत नाहीत. म्हणून शहाणा माणूस आधी बेटाची नक्कल काढून ठेवतो. मालक शहाणा होता. त्याने नक्कल काढायला लावली. माळ्यावरची जुनी डिस्क करकर वाजायला लागली आणि पडद्यावर आकडा आला: दोन तास. साडेतीन वाजून गेले होते.

"झालं का?" कासवने विचारलं.

"थोडा वेळ लागेल."

"किती? नाही, म्हणजे मला सहाला पाळीवर जायचंय. आज बदलीवर बोलावलंय."

मालकाने घड्याळाकडे पाहिलं नाही. त्याने खेळाच्या खिडकीकडे पाहिलं. गल्लीत वकील दारात उभा होता. भोपळा भिंतीशी झगडत होता. आणि दुसरी कासव, ती हळू चालीची, त्याच्याच दिशेने येत होती. जवळ आली की काय म्हणणार हे त्याला माहीत होतं. ती पोचायच्या आत त्याने खिडकी बंद केली. वाक्य ऐकायचं नव्हतं त्याला. निदान त्या तोंडून नको.

त्याने नक्कल थांबवली. फोल्डर रिकामं केलं. सर्व्हर उठला आणि त्याने रीतसर विचारलं: पुष्कळ वस्तू सापडत नाहीत, त्या कायमच्या काढून टाकायच्या का? खाली एक चौकट. तिच्यात हो म्हणून लिहावं लागतं, नुसतं बटण दाबून भागत नाही. बनवणारा कोणी जाणकार असावा.

त्याने हो लिहिलं.

"मालक? आहेस ना?"

"आहे. आता ये."

पंख्याचा आवाज. पट्टी. मालक बेटावर उभा राहून समुद्राकडे बघत राहिला. भरती नव्हती, ओहोटी नव्हती, समुद्र जिथल्या तिथे सपाट. मग ताईच्या फ्रिजमधून झिरपणाऱ्या पाण्यापेक्षाही सावकाश, कानात आवाज आला.

"थांब रे, आले आले."

फोनवर सूचना वाजली. कासव बेटावर आली होती. यादीत दुसरं नाव हिरवं झालं.

"अगंबाई," ती म्हणाली. "हे काय? दरी पडलीये समोर."

"इथे बंदर होतं."

"आणि हा?"

"हा पूल. उडी मारू नकोस, वळसा घालून ये."

दोघं वळसे घालत निघाली. गाव दात काढलेल्या तोंडासारखं दिसत होतं, आणि त्यातलं मालकाइतकं कोणाला कळणार! जिथे खड्डा दिसे तिथे कासव विचारे, आणि मालक सांगे. इथे घुबडांचं झाड. इथे दिवा. इथेही दिवा. "किती दिवे लावलेस रे," ती म्हणाली. "कोणी चुकेल म्हणून?"

तलावाकाठचं तिचं घर मात्र होतं तसं होतं. मूळ खेळातल्या साध्या दगडांचं, म्हणून वाचलं. वाकडं धुराडंही शाबूत. ती आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. "खाट इथेच ठेवली होती मी?" एवढंच म्हणाली. मालकाने तिला आत राहू दिलं. हेडफोनमध्ये तिच्या खोलीतला आवाज येत होता, म्हणजे पंख्याशिवाय काहीच येत नव्हतं. पूर्वी तिच्या आईचं खोकणं ऐकू यायचं, आणि भांड्यांचं.

परतताना ती भलत्याच वाटेने वळली. मालक म्हणाला, "तिकडे काही नाही," पण कासवला एकदा वळल्यावर परत वळायला वेळ लागे.

तिकडे गल्ली होती. घरं नव्हती. तीन चौकोनी खड्डे, आणि प्रत्येकासमोर जमिनीत रोवलेली एकेक लाकडी पाटी. वकील. भोपळा. कासव.

ती पाटीसमोर उभी राहिली.

"माझं घर तर तिकडे आहे."

"हो."

"मग हे कोणाचं?"

मालकाला खोटं बोलता आलं असतं. ताईशी बोललाच होता. पण तेव्हा ज्याच्या नावावर बोलला होता तो जिन्यात नव्हता. ही तर समोर उभी होती.

"एक मॉड होता," तो म्हणाला. "माणसांचा. चालायची, बोलायची. मी गंमत म्हणून... तुम्हाला दाखवायला केली होती."

"वकील काय म्हणायचा?"

"आक्षेप आहे."

ती खुदकन हसली. "आणि भोपळा? गॅस संपलाय?"

"हो."

"आणि मी?"

मग त्याने सांगितलं.

पंखा तेवढा वाजत होता. वजनकाट्यावर उभं राहून भरलेल्या गाडीतून रिकामी गाडी वजा करण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे तिने मनात काय वजा केलं ते विचारायची गरज नव्हती.

"आणि तू थांबायचास?" तिने विचारलं.

"कुठे थांबणार? ती दोन पावलांवरच असायची."

"तसं नाही विचारलं मी."

"माहितीये," मालक म्हणाला.

पाचच्या सुमारास तिने आवरतं घेतलं. डबा भरायचा होता. "पुढल्या महिन्यापासून मला मंगळवारची सुट्टी," ती म्हणाली. "मंगळवारी तू असशील का?"

"मंगळवारी लॅब. सात वाजेपर्यंत."

"सातला मी झोपते. बुधवारी पहाटेची पाळी. मग काय करायचं?"

"सर्व्हर चालूच असतो," मालक म्हणाला. "काही टाकावं लागत नाही आता. नुसती ये."

ती गेली. नाव विझलं. मालक गल्लीत तीन खड्ड्यांच्या काठाशी उभा राहिला, आणि मग तोही बाहेर पडला, कारण तिथे आता जवळ जाऊनही बोलणारं कोणी नव्हतं.

त्या आठवड्यात कासवने गटावर आपल्या घराचा फोटो टाकला. वाकडं धुराडं, सपाट समुद्र. वकिलाने तासाभरात लिहिलं, "अरे वा! बेट जिवंत आहे? मालक, नवीन काहीतरी टाक, मग येतो."

मालकाने लिहिलं, "आता काही टाकत नाही. तसाच ये."

वकिलाने अंगठा दाखवला. भोपळ्यानेही दाखवला. मालकाने तो अंगठा अंगठा म्हणूनच घेतला. मात्र भोपळ्याला वेगळा निरोप धाडला, "ताईचा फ्रिज पाणी सोडतोय. नळीत काडी घालून झाली." भोपळ्याने लगेच फोन केला आणि बराच वेळ नळीबद्दल बोलला. बेटाचा विषय दोघांनीही काढला नाही.

पुढल्या महिन्यात एका मंगळवारी मालक लॅबमध्ये कुणाची तरी वरची कवळी घासत होता. उजवीकडे टोचत होती. मशीनच्या आवाजात फोन वाजलेला कळला नाही, ओट्यावर थरथरताना दिसला. कासव बेटावर आली होती. त्याने मशीन बंद केलं, हातमोजा काढला आणि नुसती ती ओळ बघत उभा राहिला. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "काय, घरून फोन?" मालक म्हणाला, "हो," आणि हातमोजा पुन्हा चढवला. तासाभराने दुसरी ओळ आली: कासव गेली.

संध्याकाळी घरी येऊन, बूटही न काढता त्याने बेट उघडलं. तलावाकाठच्या घराचं दार सताड उघडं होतं. तो वळसा घालून गल्लीत गेला. तीनपैकी एक खड्डा भरलेला होता. साध्या मातीने, जी कुठेही खणली की मिळते. वरचा थर ओबडधोबड, एका कोपऱ्यात उंच. पाटी जागेवरच होती. खड्डा तिच्या नावाचा नव्हता, वकिलाचा होता. आपल्या पाटीसमोरचा तिने तसाच ठेवला होता.

मालक त्या मातीवर जाऊन उभा राहिला. धसली नाही. मग त्याने बूट काढले, दिवा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि तलावापलीकडे, जिथे माती मऊ होती तिथे, खणायला सुरुवात केली. भोपळ्याचा खड्डा सगळ्यात मोठा होता.